आधी कागद, मग तागडी

१९९३ च्या जूनमध्ये मी पहिल्यांदा दुकानात बसले, तेव्हा नानांनी मला तागडीला हात लावू दिला नाही. नाना म्हणजे माझे सासरे. सासूबाईंना गुडघ्यांनी बेजार केलं होतं, हे सातपूरला कारखान्यात कामाला, आणि दुकानात नानांच्या हाताखाली कोणी उरलं नव्हतं. "तागडी धरायला काय, लहान पोरगंही धरतं. तू आधी कागद शीक," असं म्हणून त्यांनी रद्दीचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. पुढचे तीन आठवडे मी फक्त कागद कापला.

आमचं दुकान नाशिकमध्ये, सराफ बाजारातून भांडी बाजाराकडे उतरताना लागतं. गोदावरी तिथून पायी पाच मिनिटांवर. किराणा-भुसार, पूजेचं सामान, थोडा सुकामेवा. पुढे ओटा, मागे फडताळ, वर माळा. त्या वेळी सगळा माल सुटा यायचा आणि सुटाच विकला जायचा. दिवसाला किती पुड्या बांधल्या जायच्या हे मी कधी मोजलं नाही, पण सणासुदीला संध्याकाळपर्यंत उजव्या हाताच्या तर्जनीवर दोऱ्याने लाल वळ उठलेला असायचा.

कागद कापण्यात शिकण्यासारखं काय आहे, असं मलाही वाटलं होतं. वर्तमानपत्राचा ताव उघडून मी मधोमध आडवी घडी घातली आणि हाताने फाडायला गेले, तर कड वेडीवाकडी, दातेरी निघाली. नानांनी दुसरा ताव घेतला, उभी घडी घातली, नखाने एकदा दाबली आणि फाडला. सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ. कागद यंत्रातून लांबच लांब पट्टीसारखा निघतो आणि त्याचे तंतू बहुतेक त्या वाहण्याच्या दिशेने बसतात. त्या दिशेने तो सरळ फाटतो, आडवा मात्र हट्ट करतो. नानांना हे कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. "कागदाला लाकडासारखी रेषा असते," एवढंच ते म्हणायचे. उभी घडी हाताने, आडवी घडी सुरीने, हा आमच्या दुकानाचा नियम झाला तो असा.

आकारांना घरची नावं होती. अर्धा किलो साखरेला वर्तमानपत्राचं एक 'पान'. किलोला दोन पानं एकावर एक. पावकिलो डाळ किंवा चहाला 'अर्धं'. जिरं, मोहरी, धणे यांना 'पाव'. हळद, हिंग, वेलदोडे, कापूर यांना 'आठवी'. गिऱ्हाइकाने मालाचं नाव घेतलं की हात आपोआप त्या त्या गड्डीकडे गेला पाहिजे, डोळे गिऱ्हाइकाकडेच राहिले पाहिजेत. त्यासाठी ओट्याच्या उजव्या अंगाला, मांडी घालून बसल्यावर कोपर जिथे येतं तिथे, चार खणांचं एक उघडं कपाट होतं. सगळ्यात वर आठव्या, कारण त्या सर्वांत जास्त लागायच्या. सगळ्यात खाली पानं. प्रत्येक गड्डीची सरळ कड हाताकडे आणि दातेरी कड भिंतीकडे. सरळ कडेवर अंगठा फिरवला की गड्डी पंख्यासारखी पसरते आणि एकच कागद हाताला लागतो. अंगठ्याला थुंकी लावून कागद ओढलेला नानांना मुळीच खपायचा नाही. "त्यात कुणाच्या घरची साखर जाणार आहे," ते म्हणायचे, आणि त्यांचा आवाज एरवी कधी चढायचा नाही तो तेवढ्यापुरता चढायचा.

गड्ड्यांवर दाब म्हणून जुनी लोखंडी शेराची वजनं ठेवलेली असायची. १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनं सुरू झाली आणि पुढे शेर-अदपाव बाद झाले, तेव्हा नानांच्या वडिलांनी ती मोडीत घातली नाहीत, कागदावर ठेवली. भाद्रपदातल्या वाऱ्यात ती फार उपयोगी पडायची.

तीन आठवड्यांनंतर मला तागडी मिळाली, आणि तेव्हा कागद आधी का शिकवला ते कळलं. आमच्याकडे उजव्या पारड्यात कागद पसरून त्यावरच माल तोलायचे, म्हणजे तोललेला माल कागदासकट उचलला की लगेच पुडी. पण मग कागदाचं वजन मालात धरलं जातं. म्हणून डाव्या पारड्यात वजनाखाली तेवढाच, त्याच मापाचा कागद ठेवायचा. याला धडा करणं म्हणतात. घरून बरणी आणून तेल-तूप घेणाऱ्याच्या बरणीचा धडा सगळेच दुकानदार करतात, कागदाचा करणारे थोडे. मी एकदा म्हटलं, "नाना, कागदाचं असं काय मोठं वजन?" त्यांनी पान पारड्यात टाकलं. साधारण नऊ ग्रॅम. "आता हिशेब कर. क्विंटलचं पोतं अर्ध्या-अर्ध्या किलोने विकलं, तर पुड्या किती?" दोनशे. दोनशे पानं म्हणजे एक किलो आठशे ग्रॅम. "पोत्यामागे पावणेदोन किलो साखर लोकांच्या घरातून आपल्या घरात आली. मागितली नाही, दिली नाही, तरी आली." त्या दिवसापासून माझ्या डाव्या पारड्यात कागद असायचा. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यावर कागद ठेवून शून्य करायचं बटण दाबते, आणि गिऱ्हाइकाला दिसेल असं दाबते.

पुडी बांधणं मला सासूबाईंनी शिकवलं, घरी, स्वयंपाकघरात, तांदूळ घेऊन. कागद पतंगासारखा, टोक आपल्याकडे करून ठेवायचा. माल मधोमध. आपल्याकडचं टोक मालावरून पलीकडे न्यायचं आणि मालाच्या पोटाखाली सारायचं, तिथे बोटांनी घट्ट ओढून घ्यायचं, म्हणजे आत हवा राहत नाही. मग डावं टोक आत, उजवं टोक आत, आणि पूर्ण गुंडाळी पुढे लोटायची. शेवटचं टोक वर राहतं, ते दोऱ्याखाली जातं. हळदीसारख्या बारीक जिन्नसाला दोन्ही बाजूंना दुहेरी दुमड, नाहीतर घरी जाईपर्यंत पिशवी पिवळी. माझ्या पहिल्या पुड्या पोटुशा व्हायच्या. सासूबाई त्या उचलून उंबऱ्यावर तीन फुटांवरून टाकायच्या. फुटली की पुन्हा. न फुटलेली पहिली पुडी त्यांनी देवापुढे ठेवली होती.

आणि मग दोरा. दोरा दुकानाच्या तुळईला टांगलेल्या डालड्याच्या डब्यातून यायचा. डब्याच्या बुडाला करंगळीएवढं भोक, भोकाची कड आतून-बाहेरून ठोकून बोथट केलेली, वर मेण चोळलेलं, नाहीतर पत्रा दोऱ्याला चावतो आणि ऐन गर्दीत दोरा तुटून डब्यात गडप होतो. आत सुती दोऱ्याचा गुंडा. गुंड्याचं टोक बाहेरून घ्यायचं नाही, पोटातून काढायचं. बाहेरून घेतलं की प्रत्येक ओढीला गुंडा डब्यात गडगडतो, खडखडतो आणि दोऱ्याला पीळ पडतो. पोटातून काढलं की गुंडा जागचा हलत नाही, शेवटपर्यंत आतून पोकळ होत जातो. डब्याला झाकण नव्हतं, त्यावर फडकं बांधलेलं असायचं, कारण उघड्या दोऱ्यावर झुरळं बसतात.

दोऱ्याचं टोक लोंबकळत असायचं ते नानांच्या छातीशी. मी त्यांच्यापेक्षा बरीच बुटकी, मला प्रत्येक वेळी हात वर करावा लागायचा. पुड्या बांधायला लागल्यावर चौथ्या दिवशी सकाळी आले तर डबा एक वीतभर खाली आलेला होता, तुळईच्या आकड्याला नवीन तार. नाना काही बोलले नाहीत, मीही नाही. पुढची जवळजवळ वीस वर्षं ते स्वतः वाकून दोरा घेत राहिले.

दोरा डाव्या अंगठ्याखाली धरायचा, एक आडवा वेढा, मधोमध फुली करून उभा वेढा, फुलीखालून टोक काढून सुरगाठ. निरगाठ कधीही मारायची नाही. पुडी घरी कोण सोडणार, तर बहुधा म्हातारी माणसं किंवा मुलं, त्यांना एका ओढीत सुटली पाहिजे. दोरा तोडायला कात्री नव्हती. तर्जनीवर दोरा असा गुंडाळायचा की तो स्वतःवरच आडवा येतो, मग झटका. दोराच दोऱ्याला कापतो. चुकीचं गुंडाळलं की बोट कापतं, आणि माझं कापलं. पंधरा दिवस हळद लावून बसले होते.

मोठ्या पुडक्यांना हा दोरा पुरत नसे, त्यांना सुतळी लागायची, ती आम्ही क्वचितच विकत घेतली. साखरेच्या, तांदळाच्या पोत्याचं तोंड साखळीटाक्याने शिवलेलं असतं. त्याचं बरोबर टोक सापडलं की एका ओढीत सगळी शिवण सर्रकन उकलते, चुकीच्या टोकाने सुरुवात केली की एकेक टाका कापत बसावं लागतं. उकललेली सुतळी खुंटीवर गुंडाळून ठेवायची. रिकामं बारदान झटकून, घडी करून माळ्यावर, ते महिन्याला बारदानवाला घेऊन जायचा.

कागद साठवण्याच्या बाबतीत मी एकदा मोठी चूक केली. पावसाळ्यात कागद सादळतो, मऊ पडतो, घडी धरत नाही. म्हणून मी कापलेल्या गड्ड्या खालच्या खणातून उचलून साबणाच्या फळीवर ठेवल्या, तिथे कोरडं असायचं. चार दिवसांनी तिळभांडेश्वर गल्लीतल्या एक आजी चहाची पुडी परत घेऊन आल्या. काही न बोलता त्यांनी ती नानांच्या नाकाशी धरली. चहाला कपड्याच्या साबणाचा वास. कागद वास पितो, हे मला माहीत नव्हतं. नानांनी आजींना पुडी बदलून दिली, आणि त्या आठवड्यात त्या गड्डीतून ज्यांना ज्यांना चहा गेला असेल असं त्यांना आठवलं, त्यांच्याकडे मला घेऊन घरोघरी गेले. सात घरं. प्रत्येक दारात त्यांनी "आमच्याकडून चूक झाली" म्हटलं, "सुनेकडून" म्हटलं नाही.

त्यानंतर कागदाची जागा ठरली ती कायमची. साबण, उदबत्ती, रॉकेल, हिंग यांच्यापासून लांब. भिंतीला टेकवायचा नाही, मध्ये चार बोटं हवा. जमिनीवर कधी नाही, फळीवर. खाली वाळवी, भिंतीत ओल, आणि दोन्हींच्या मध्ये कसर, ती चंदेरी, सरसर पळणारी. कसर खळीवर जगते, म्हणून चिकटवलेल्या कागदी पिशव्यांचा साठा आम्ही करत नसू. पिशव्या गल्लीतल्या दोन बायका शेकड्यावर करून द्यायच्या. पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालतात, म्हणजे कीड लागत नाही. त्यातल्या एकीने तसं केलं तेव्हा नानांनी ते तीनशेही नग पैसे देऊन घेतले आणि त्यांच्यासमोर बंबात घातले. मोरचूद विष आहे, आणि पिशवीत शेंगदाणे जाणार. "कीड लागली तर लागू दे, थोड्या थोड्या करा, ताज्या करा," एवढंच सांगितलं.

गुळाचं वेगळंच. गुळाला छापील कागद लावला की अक्षरं गुळावर उमटतात. मी स्वतः गुळाच्या खड्यावर उलटी अक्षरं वाचलेली आहेत. म्हणून गूळ, लोणी, ओलं खोबरं यांना पळसाची पानं. पेठ-हरसूलकडच्या बाया डोक्यावर गठ्ठे घेऊन यायच्या, आम्ही ते ओल्या गोणपाटात उभे ठेवायचो, दिवसातून दोनदा पाणी शिंपडून. दोन पानं, त्यावर कागद, त्यावर दोरा. पुढे ती शाई अंगाला किती वाईट याबद्दल बरंच छापून आलं, २०१८ च्या नियमांनी खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला मनाईच झाली. ते ऐकून मला बरं वाटलं नाही. गुळाला जे आम्ही जपत होतो ते तेलकट शेंगदाण्यांना जपत नव्हतो, साखरेला जपत नव्हतो. वर्षानुवर्षं आम्ही लोकांच्या घरी ती शाई पाठवली, आणि हे लिहिताना मी ते झाकून ठेवणार नाही.

रद्दीतही फसवणूक असते. एका रद्दीवाल्याने दिलेल्या गठ्ठ्यांच्या पोटात पाणी मारलेलं निघालं. वरून खडखडीत, आतून बुरशी. तेव्हापासून गठ्ठा घेताना मी दोरी सोडून मधल्या थरात हात घालते.

२००३ च्या सिंहस्थात आम्ही महिनाभर आधीपासून रात्री बसून शिध्याच्या पुड्या बांधल्या होत्या. भाविकांना एका वेळेपुरतं लागायचं, मूठभर तांदूळ, मूठभर डाळ, मीठ-मिरची, सगळं एका पुडक्यात. आठव्या इतक्या लागल्या की मुलांच्या जुन्या वह्या संपल्या. आणि तेच शेवटचं मोठं काम. कॅरीबॅग आधीच आल्या होत्या. हळूहळू कंपन्यांची पाकिटं आली, डब्यातला गुंडा सहा-सहा महिने पुरायला लागला. २०१२ मध्ये नाना गेले. डबा टांगलेला राहिला.

२ ऑगस्ट २०१६ ला गोदावरीला पूर आला. नाशिककर पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात, त्या दिवशी मारुती दिसेनासा झाला आणि पाणी भांडी बाजारातून आमच्या ओट्यावर चढलं. तीन दिवसांनी शटर उघडलं तेव्हा खालचे सगळे खण चिखलाने भरलेले होते. कागदाच्या गड्ड्यांचा फुगून एकेक दगड झाला होता, कपाटाच्या फळ्या त्यांनी आतून फोडल्या होत्या. शेराची वजनं चिखलात सापडली. डबा मात्र तुळईला होता, कोरडा, दोऱ्याचं टोक तेवढं मातकट. मी ते वीतभर कापलं आणि खूप रडले.

मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, २३ जूनपासून दंड सुरू झाले, पहिल्यांदा सापडलं तर पाच हजार. बाजारात सगळे घाबरले होते. मी गोंधळले नाही, कारण मला काम येत होतं. फक्त कागद नवा हवा होता, न छापलेला, खाद्यपदार्थाला चालणारा. कागदवाल्याकडून खाकी कागदाचे तीन नमुने आणले. जाडसर कागद घडी घातली की उघडतो, हट्टी, त्याची पुडी बसत नाही. अगदी पातळ साखरेच्या कण्यांनी टोचतो. मधला, साठ जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला साठ ग्रॅम भरणारा, हाताला आला. ताव घेतला, दोन्हीकडून फाडून रेषा कुठली ते पाहिलं, आणि त्या अंदाजाने कापण्याचं माप ठरवलं. खाकी कागद रद्दीपेक्षा जड, म्हणून धडाही नव्याने केला. खर्च वाढला. तो मी मालाच्या भावात उघड धरला, वजनात नाही.

पुतण्या दुकानात यायला लागला तेव्हा त्यालाही तीन आठवडे कागदच दिला. तो उंच आहे. पुड्या बांधायला बसला त्या पहिल्याच दिवशी दोरा त्याच्या पोटाशी येत होता, तो वाकून वाकून घेत होता. रविवारी शटर ओढल्यावर मी स्टूल घेतलं आणि तार वीतभर गुंडाळून डबा पूर्वीच्या जागी नेला. मला आता हात वर करावा लागतो.

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. परवा आम्ही दोघांनी हिशेब केला, रीममागे पाचशे ताव, तावामागे आठव्या किती, आणि पुड्या गणपतीपर्यंत किती लागतील. कागद आतापासून भरावा लागणार. भिंतीवर २०१६ च्या पाण्याची रेघ अजून आहे, रंग दिला तरी मी तेवढी जागा सोडायला लावली होती. सुतार उद्या येतोय. त्या रेघेच्या हातभर वर, भिंतीपासून चार बोटं सोडून, नवीन फळी बसवायची आहे.